डिरेक्टरी एका दमात

संगणकाच्या पडद्यावर नवा फोल्डर उघडायला माऊसची एक-दोन बटणे पुरतात. त्या पिवळ्या चित्रामागे मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, केलेली एक विनंती असते. अशा विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. युनिक्स आणि लिनक्सवर सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा 'एमकेडिर' हा त्यांपैकीच एक. 'मेक डिरेक्टरी'चे हे संक्षिप्त रूप.

हा कॉल युनिक्समध्ये पहिल्यापासून असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बेल लॅब्जने १९७९ साली दिलेल्या सातव्या आवृत्तीतही तो नव्हता. 'एमकेडिर' नावाची आज्ञा होती. पण ती आपले काम तुकड्यातुकड्याने करीत असे. प्रथम 'एमकेनॉड' या कॉलने कोरी डिरेक्टरी घडवायची, मग तिची मालकी वापरकर्त्याच्या नावे करायची आणि शेवटी तिच्यात 'स्वतः' व 'वरची डिरेक्टरी' यांच्या नोंदी घालायच्या. यातले पहिले पाऊल टाकण्याचा अधिकार फक्त 'रूट'ला, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकाऱ्याला होता. म्हणून ही आज्ञा कोणीही दिली, तरी ती रूटच्या अधिकारानेच चाले.

गोम इथेच होती. डिरेक्टरी घडणे आणि मालकी बदलणे यांमध्ये क्षणभराची फट राहत असे. तेवढ्यात एखाद्याने नवी डिरेक्टरी काढून टाकली आणि त्याच नावाने पासवर्डच्या फाइलचा दुवा जोडला, तर मालकी बदलायची ती त्या फाइलची! एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत असताना ही फट आणखी रुंदावे. १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत डिरेक्टरीची संपूर्ण निर्मिती कर्नलकडे सोपवण्यात आली आणि फट बुजली. एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्हमध्ये हा कॉल तिसऱ्या आवृत्तीत आला.

कॉलला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: डिरेक्टरीचा मार्ग आणि तिच्यावरील परवानग्या. काम झाले तर शून्य, न झाल्यास उणे एक असे उत्तर मिळते आणि कारण 'एररनो' या चलात नोंदवले जाते. परवानग्या अष्टमान पद्धतीने, सहसा ०७७७ अशा लिहितात. त्यातून 'युमास्क'ने नाकारलेल्या परवानग्या वजा होतात. युमास्क ०२२ असेल, तर हाती ०७५५ उरते. शून्याला किंमत नसते, हा समज येथे महागात पडतो. आरंभीचे शून्य गाळून नुसते ७७७ लिहिले, तर सी भाषा तो दशमान आकडा मानते. त्याचे अष्टमान रूप १४११. अशा डिरेक्टरीत खुद्द मालकालाही फाइल ठेवता येत नाही. कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही.

नवशिक्यांची आणखी एक सवय म्हणजे डिरेक्टरी आधीपासून आहे का, हे तपासायचे आणि नसल्यास ती बनवायची. वरवर हे शहाणपणाचे दिसते. पण तपासणी आणि निर्मिती यांमध्ये दुसरा प्रोग्रॅम तेच नाव पटकावू शकतो. कर्नलने बुजवलेली फट अशा रीतीने पुन्हा उघडते. त्यापेक्षा थेट एमकेडिर करावे आणि 'ई-एक्झिस्ट' हे उत्तर आले, तर नाव आधीच घेतले गेले आहे असे समजावे. मात्र ते नाव डिरेक्टरीचेच आहे, साध्या फाइलचे नाही, याची खात्री नंतर करावी लागते. एकाच नावासाठी दोन प्रोग्रॅम धावले, तरी यश एकालाच मिळते. म्हणूनच शेल स्क्रिप्टमध्ये एमकेडिरचा कुलूप म्हणूनही वापर होतो.

हा कॉल एका वेळी एकच पातळी बनवतो. मधली डिरेक्टरी नसेल, तर 'ई-नो-एंट' ही चूक पदरी येते. विंडोजवरील सी भाषेत याच कामाचे फंक्शन केवळ मार्ग घेते, परवानग्यांचा आकडा घेत नाही. त्यामुळे युनिक्सवरचा प्रोग्रॅम तिकडे नेताना ही ओळ बदलावी लागते.