विनयातील काटकसर आणि खानदेशचे पाणी

पर्यावरणरक्षण हा शब्द अलीकडचा असला, तरी वस्तू जपून वापरण्याची शिस्त प्राचीन आहे. विनयपिटकात ती नित्याच्या आचारनियमांतून प्रकट होते. चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात कोसंबीचा राजा उदेन आणि स्थविर आनंद यांचा संवाद आला आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिल्याचे कळताच, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार तरी काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी हिशेब सांगितला. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे विरली आहेत अशा भिक्षूंना वाटावयाची. जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांची पुढे गादीची खोळ, मग जमिनीवरील अंथरूण, पायपुसणे आणि शेवटी झाडण्याचे फडके करावयाचे. तेही जीर्ण झाले की कुटून मातीत कालवून त्याने जमीन सारवावयाची. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

येथे कापडाचा एक धागाही वाया जात नाही. त्यामागील कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. भिक्षूची प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या श्रमातून येते. म्हणून तिची नासाडी हा दात्याचा अपराध ठरतो. ज्या खानदेशात कापूस पिकतो आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाते, तेथील वाचकाला हा संवाद परका वाटू नये.

पाचित्तिय नियमांत जमीन खणणे, वनस्पती तोडणे आणि सजीव असलेले पाणी ओतणे यांस मनाई आहे. भिक्षूने जवळ परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, बाळगावे असा दंडक आहे. हे नियम मुख्यतः अहिंसेसाठी व लोकापवाद टाळण्यासाठी झाले. त्यांत आजचे पर्यावरणशास्त्र शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि त्यांचा परिणाम निसर्गाला हितकर होता, हे नाकारता येत नाही.

असाच संयम धुळे जिल्ह्यातील पांझराकाठच्या फड पद्धतीत दिसतो. काही शतकांपूर्वीच्या या व्यवस्थेत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांच्या मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, नेले जाई. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे लाभधारक मिळून ठरवीत; पाटकरी पाणी देई. तिचा बौद्ध परंपरेशी संबंध जोडण्यास आधार नाही. पण पाण्याच्या मापाने पीक ठरवावे, हे तत्त्व त्याच जातीचे आहे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींचा उपसा वाढला आणि अनेक ठिकाणी फड मोडले. जळगावच्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात तर भूजल फार खोल गेले आहे.

उलट उदाहरणही याच भूमीत आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने 1990 च्या दशकाच्या आरंभी वृक्षतोडीवर स्वतःच बंदी घातली आणि सुमारे 445 हेक्टर वन राखले. जंगल वाढले, तसे पाणीही परतले. या कार्याचे प्रणेते चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चीवर, अन्न, निवास व औषध यांचा वापर करताना, हे कशासाठी आणि किती, असा विचार भिक्षूने रोज करावयाचा असतो. गृहस्थाने हाच प्रश्न आपल्या पाण्याच्या हंड्यापाशी, कपड्यांच्या कपाटापाशी आणि शेतातील मोटारीपाशी विचारला, तर विनयाचे अध्ययन केवळ ग्रंथापुरते उरणार नाही.