हातोड्याची आडनावे, लेखणीची आडनावे

इंग्रजांत स्मिथ, जर्मनांत श्मिट, पोलंडात कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव्ह, इटलीत फेरारी, अरबांत हद्दाद, आणि आपल्याकडे लोहार. ही सारी आडनावे एकाच भट्टीतून निघालेली आहेत. यावरून जुन्या काळी जिकडे तिकडे लोहारच नांदत होते असे मात्र कोणी समजू नये. गावात शेतकरी शंभर असत, लोहार एखादाच. 'अहो शेतकरी' अशी हाक मारली तर शंभर माना वळतील. 'लोहार' म्हटले की एकच वळेल. ओळख पटवण्याच्या कामी हे नाव सोयीचे, म्हणून ते गावोगाव टिकले.

पण हाक माणसाबरोबर संपते. कागदावर चढलेले नाव मुलाच्याही गळ्यात पडते. इंग्लंडात साधारणपणे १२५० ते १४०० या काळात बहुसंख्य लोकांची आडनावे अशी कायमची झाली. जमिनीचा वारसा, न्यायकचेरी आणि सरकारी कर या तिन्ही ठिकाणी कोण कोणाचा हे लिहून ठेवावे लागे. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा तिथे डोईपट्टी बसली. पहिल्या खेपेस माणशी चार पेन्स, तिसऱ्या खेपेस माणशी बारा. मधली पट्टी दर्जा पाहून लावलेली होती, त्यामुळे तिच्या याद्यांत नावापुढे पुष्कळ ठिकाणी धंदाही लिहिलेला सापडतो. आज इतिहासकार त्या याद्या मोठ्या आवडीने वाचतात. ज्यांची नावे तीत होती त्यांना आवड असण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या पट्टीने १३८१ च्या उन्हाळ्यात शेतकरी व कारागीर बंड करून उठले आणि ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरे त्यांनी जाळली. त्यांच्या पुढाऱ्याचे नाव वॉट टायलर. टायलर म्हणजे घरावर कौले घालणारा. १५ जून रोजी राजाशी बोलणी चालू असतानाच त्याच्यावर वार झाले, आणि त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

ही नावे नीट वाचली तर कामाची रीतही कळते. लोकरीचे कापड मागावरून उतरले की पाण्यात तुडवून ते घट्ट करावे लागे. हे करणाऱ्याला इंग्लंडच्या आग्नेयेस फुलर, नैर्ऋत्येस टकर आणि उत्तरेस वॉकर म्हणत. तेव्हा वॉकर आडनावाचा मूळ पुरुष हवा खायला निघालेला गृहस्थ समजू नका. तो ओल्या कापडावर दिवसभर जागच्या जागी चालत होता. वेबस्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर या नावांतला 'स्टर' हा प्रत्यय मुळात स्त्रीवाचक होता: विणणारी, पाव भाजणारी, बिअर तयार करणारी. पुढे तो पुरुषांनाही लागला. बायकांच्या कष्टाची नोंद राजांच्या बखरीत मिळत नाही, ती अशी आडनावात मिळते.

इंग्लंडात आडनाव पक्के झाले आणि धंदा हळूहळू सुटला. स्मिथचा नातू शिंपी झाला, टेलरचा पणतू खलाशी झाला, नाव ही नुसती खूण उरली.

आपल्याकडे काय झाले? लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, तेली ही हातोड्याची आडनावे. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस ही लेखणीची. यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. चिटणीस पत्रे लिही, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवी, पारसनीस फारसी पत्रव्यवहार पाही. दोन्हीकडे काम बहुधा जन्माने ठरे. लेखणीला वतन आणि मान, हातोड्याला खळ्यावरचे बलुते. १८७४ च्या कायद्याने इंग्रजांनी वंशपरंपरेची वतने कायद्याच्या चौकटीत बसवली. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० सालचा. वतने गेली, आडनावे राहिली. आणि आडनावावरून माणूस जोखण्याची सवयही राहिली.

गिरणीत तरी ही सवय मोडायला हवी होती. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली सवर्ण विणकर हरकत घेत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी मागण्यांत घालायला लावली. पुढाऱ्यांनी ती आनंदाने मान्य केली असे म्हणता येत नाही. कामगार चळवळीचा इतिहास सांगताना हे पान गाळू नये.

आजही सभासदाची पावती फाडताना मी पाहतो. ठेकेदाराकडचा नवा पोरगा आपले नाव मोठ्याने सांगतो आणि आडनावाशी येऊन आवाज खाली आणतो. मग माझे आडनाव काय, हे डोळ्यांनी विचारतो. त्याला मी इतकेच सांगतो की आपल्या युनियनचा कारभार पाहणाऱ्याला 'चिटणीस' म्हणतात. हा शब्द राजाच्या दप्तरातला. तिथे ते पद बापाकडून मुलाकडे जाई. आपल्याकडे त्यासाठी सभेत हात वर व्हावे लागतात, आणि लोहार, कुंभार, कांबळे, कुलकर्णी यांपैकी कोणीही त्या खुर्चीवर बसू शकतो. मुदत संपली की त्याला उठावेही लागते. पोरगा हसतो, आणि मी त्याचे आडनाव पावतीवर स्वच्छ अक्षरात लिहितो.