थ्रॉटल बॉडी इंजेक्शन रूपांतर : इंधननळ्यांची जोडणी

कार्बुरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनावर थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, थोडक्यात टीबीआय, बसवताना टाकी ते इंजिन आणि इंजिन ते टाकी असा इंधनमार्ग नव्याने घालावा लागतो. कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोल मुख्यतः एकाच दिशेने जाते. टीबीआयमध्ये ते सतत फिरत असते, आणि या कामातल्या बहुतेक चुका हा फरक न ओळखल्यामुळे होतात.

टीबीआयमध्ये इंजेक्टर कार्बुरेटरच्याच जागी, थ्रॉटलच्या झडपांच्या वर बसतात. कॅडिलॅकच्या 1980 सालच्या काही मोटारींत ही पद्धत आली आणि पुढे जनरल मोटर्सने 1987 ते 1995 या काळात आपल्या पिकअप ट्रकांवर ती सर्रास वापरली. या ट्रकांतले दोन इंजेक्टरांचे ‘मॉडेल 220’ युनिट भंगारात मुबलक मिळू लागले, तसे अमेरिकेतल्या जुन्या जीपवाल्यांनी ते उचलले. त्यांत सर्वाधिक रूपांतरे जीप सीजे-7 च्या वाट्याला आली असावीत. तिचे 258 घनइंची, म्हणजे 4.2 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन दणकट. पण त्यावरचा कार्टर बीबीडी कार्बुरेटर चढावर आणि तिरक्या उतारावर फ्लोटच्या भांड्यातले पेट्रोल कलंडून इंजिन बंद पाडण्यासाठी बदनाम. पुढचे विवेचन याच गाडीला धरून आहे.

दाब हा पहिला प्रश्न. इंजिनावरचा यांत्रिक पंप साधारण 4 ते 6 पीएसआय दाब देतो आणि फ्लोटच्या सुईला तेवढाच पेलतो. जनरल मोटर्सच्या टीबीआयला 9 ते 13 पीएसआय, म्हणजे 0.6 ते 0.9 बार लागतो. म्हणून यांत्रिक पंप काढून ती जागा पट्टी व गॅस्केटने बंद करतात आणि विजेवरचा पंप घालतात. हा पंप पेट्रोल ढकलण्यात पटाईत असला तरी ओढण्यात दुबळा असतो. टाकी मागे आणि पंप पुढे बॉनेटखाली, अशी मांडणी केली की लांब नळीतून ओढताना पेट्रोलचा दाब घटतो, उन्हात त्याची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात रुसते. पंपाची जागा टाकीशेजारी, चासीच्या आतल्या अंगाला आणि शक्यतो पेट्रोलच्या पातळीच्या खाली असावी. त्याच्या आधी फक्त जाड जाळी लावावी. बारीक फिल्टर पंपानंतर हवा, कारण आधी लावला तर पंपाचा घसा आवळला जातो.

परतीची नळी हा या कामाचा गाभा आहे. दाब पंप ठरवत नाही. थ्रॉटल बॉडीतच स्प्रिंग आणि पडदा असलेला रेग्युलेटर असतो. ठरलेल्या दाबापलीकडचे पेट्रोल तो परतीच्या तोंडातून सोडून देतो. 110 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोर लावताना तासाला ढोबळ 34 लिटर पेट्रोल पिते. पंप त्याहून बराच जास्त पुरवतो, आणि आयडलिंगला तर जवळजवळ सगळेच परत जाते. परतीचा मार्ग अरुंद असेल तर तिथे तुंबलेला दाब रेग्युलेटरच्या स्प्रिंगच्या जोरात मिसळतो. तीन पीएसआय तुंबले की इंजेक्टरवरचा दाबही जवळपास तेवढाच चढतो, तोही नेमका आयडलिंगला. मग काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि मालक इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला दोष देत बसतो.

सीजेवर एक बारीक परतीची नळी आधीपासून असते. कार्बुरेटरच्या तीन तोंडांच्या फिल्टरमधली वाफ टाकीत नेणे एवढेच तिचे काम. पुरवठ्याची मूळ नळी 5/16 इंची आणि ही पाव इंची. अनेकजण याच नळ्यांवर रूपांतर उरकतात आणि काहींचे भागतेही. तसे करायचे असेल तर निदान तो तीन तोंडांचा फिल्टर काढायलाच हवा, कारण त्यातले परतीचे छिद्र सुईएवढे असते. मापाच्या बाबतीत जनरल मोटर्सचेच अनुकरण शहाणपणाचे: पुरवठा 3/8 इंच, परती 5/16 इंच. युनिटवरची तोंडेही त्याच हिशोबाची, अनुक्रमे एम16 आणि एम14, दीड मिलिमीटर आट्यांची आणि ओ-रिंगने बंद होणारी असतात. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. टेपचे तुकडे सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकतात, आणि ओ-रिंग असताना टेपचे कामच नसते.

परतीचे पेट्रोल टाकीत कुठे पडते, यालाही महत्त्व आहे. ते वरून धबधब्यासारखे पंपाच्या तोंडाजवळ कोसळले तर फेस होतो आणि पंप हवा ओढतो. त्याचे टोक तळाजवळ, पातळीखाली, पण ओढनळीपासून जरा बाजूला ठेवावे. कार्बुरेटरच्या टाकीत ओढनळीभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते. टाकी पावभर असताना चढावर गाडी आचके देते ती यामुळेच. कार्बुरेटरच्या भांड्यातला साठा असे क्षण झाकून नेत असे. इंजेक्टरपाशी तसा साठा नाही. शिवाय फिरून फिरून पेट्रोल तापते आणि वाफ वाढते, म्हणून टाकीची श्वासनळी आणि वाफ शोषणारा कोळशाचा डबा चालू स्थितीतच हवेत.

लांबचा पल्ला पोलादी किंवा तांबे-निकेलच्या नळीने घालावा. साधे तांबे वळवायला सोपे असले तरी कंपनाने कडक होऊन चिरते. इंजिन रबरी माउंटवर हलते, म्हणून चासी आणि इंजिन यांच्यामध्ये लवचीक होज लागतो. होजवरचा छापील शिक्का वाचावा. एसएई 30आर7 कार्बुरेटरसाठी, 30आर9 इंजेक्शनसाठी, आणि टाकीच्या आत बुडून राहणारा तुकडा 30आर10 प्रतीचाच. 13 पीएसआयला आर7 फुटणार नाही हे खरे. पण परतीची नळी कुठे दबली तर पंपाचा पूर्ण जोर त्याच होजवर येतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, हे आता 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल भरणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मालकांनाही ठाऊक झाले आहे. क्लॅम्प गोल कडांचे घ्यावेत, कारण खाचांचे साधे क्लॅम्प आवळताना रबर कापतात. नळी सायलेन्सरच्या नळापासून दूर आणि ठिकठिकाणी पकडलेली असावी.

विजेची जोडणीही याच मार्गाचा भाग मानली पाहिजे. जनरल मोटर्सच्या रचनेत चावी फिरवताच संगणक रिलेमार्फत पंप सुमारे दोन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरू लागले तरच पुढे चालू ठेवतो. समांतर असा ऑइलच्या दाबाचा स्विच असतो. हे सगळे टाळून पंपाची तार थेट चावीला जोडणारे लोक भेटतात. अपघातात नळी तुटली आणि इंजिन बंद पडले, तरी त्यांचा पंप पेट्रोल ओतत राहतो.

या युनिटवर दाब मोजायला वेगळे तोंड नाही. पुरवठ्याच्या नळीत टी-जोड घालून गेज लावावे लागते. चावी दोन-तीनदा फिरवून, इंजिन सुरू न करता, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा आणि मगच स्टार्टर मारावा. अग्निशामक हाताशी असावा, बॅटरी सुटी करता येईल अशी असावी. आयडलिंगला दाब 13 पीएसआयच्या वर दिसला तर रेग्युलेटरला हात लावण्याआधी परतीची नळी तपासावी.