तिचे नाव कोणत्या वहीत?

मोंढ्यातला हमाल सकाळी एका आडत्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. त्याचा पाय मोडला की पूर्वी तिघेही म्हणत, हा आमचा माणूस नव्हे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तो या एका वाक्याला उत्तर म्हणून. मालक अनेक असले तरी कामगार एकच आहे, तेव्हा दोघांचीही नोंद एका मंडळाच्या वहीत व्हावी, ही त्यातली साधी युक्ती. हिंगोली-वसमतच्या हळदीच्या बाजारात वावरणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. आज आम्हांला ज्या बायांविषयी बोलायचे आहे त्यांची गतही अशीच आहे, हे मात्र सांगावे लागेल.

एखादीच्या मेंदूची घडणच चारचौघांहून निराळी असते. ती स्वमग्न असेल, तिचे चित्त एका जागी ठरत नसेल, किंवा अक्षरे तिला दाद देत नसतील. तिचाच जीव पुरुषावर न जडता दुसऱ्या बाईवर जडलेला असू शकतो. अपंगांसाठी झटणाऱ्यांना ही दुसरी गोष्ट ऐकवत नाही. त्यांच्या लेखी ती जन्मभर लहान मूल. आणि ज्यांनी ‘क्वीअर’ ही जुनी इंग्रजी शिवी स्वतःचे नाव म्हणून अभिमानाने उचलली, त्यांच्या बैठकीतला गलबला, दिव्यांचा झगमगाट आणि भराभर चाललेले बोलणे तिला सोसत नाही. दोन्ही दारांत उत्तर एकच: ही आमची नव्हे.

नरसी हे नामदेवांचे गाव, म्हणून कोणी त्यांच्या घरच्या जनाबाईला आजची ही नावे देऊ पाहील, तर आम्ही ते मानणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या मनावर चिठ्ठी डकवणे हा इतिहास नव्हे. जवळचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून काहींची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले की त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता जमत नाही. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. संघटनांचा प्रश्न सरळ होता. पाळी थांबली म्हणून मुलीवर हात टाकणारा थांबतो काय? उलट त्याच्या कृत्याचा पुरावाच राहत नाही. कोणी हेही म्हणेल की त्या अधिकाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. नसेलही. पण ज्यांचे शरीर त्यांना विचारायचेच कोणाला सुचले नाही, आणि आमच्या मते सारा दोष तिथे आहे.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, मुंबईत स्त्रियांच्या चळवळीत वावरलेल्या काहीजणींनी ‘स्त्री संगम’ सुरू केले. बायांवर प्रेम करणाऱ्या बायांनी स्वतःसाठी काढलेली ही मंडळी. पुढे ती ‘लेबिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अनुदान नाही, पगारी नोकर नाहीत. वेळ आणि पैसा सभासदांचाच. युनियन चालवणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटते. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहे फोडली गेली, त्या काळातही ही मंडळी टिकून राहिली. २०१३ मध्ये त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या पन्नास जणांच्या जीवनकहाण्या ऐकून अभ्यास प्रसिद्ध केला. आधी ऐकले, मग लिहिले, हे आम्हांला त्यातले विशेष वाटते.

कायदा या दोन वाटांनी निरनिराळा चालत आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून सोडवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. इकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने स्वमग्नतेसह एकवीस प्रकार मानले, आणि अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करू नये असे लिहिले. शिरूरनंतर बावीस वर्षांनी.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. परभणीतून हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ रोजी, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्यानुसार स्वमग्न, मतिमंद आदी व्यक्तींना पालक नेमून देण्याचे काम स्थानिक समितीकडे असते: एक जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी, एक अपंग व्यक्ती. पालक नेमा असा अर्ज आईबाप वा नातलग करू शकतात. जिच्याबरोबर ती दहा वर्षे एका खोलीत राहिली, ती मैत्रीण नातलग ठरत नाही. समजा, भावाने पालक होऊन बहिणीला कोंडले, मारले, किंवा तिचे शेत गिळले. त्याला पालकपदावरून काढण्याचा अर्ज मैत्रिणीला करता येत नाही. पण त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला येतो. कलम सतरा. आम्ही ते दोनदा वाचले.

म्हणून गावात संस्था हवी, आणि तिच्यात या बायाच सभासद हव्यात. बैठक दिवसा घ्यावी, सेनगाव-कळमनुरीची शेवटची एसटी चुकता कामा नये. ध्वनिक्षेपक नको, ट्यूबलाइटही नको. उजेडाला खिडकी पुरे. जिला बोलवत नाही तिने उत्तर कागदावर लिहून द्यावे, आणि ते सभेत वाचले जावे. मध्येच उठून बाहेर गेली तर कोणी मागे धावू नये. कोण कोणाबरोबर राहते हे नोंदवहीत विचारू नये. तिला वाटले तर ती सांगेल. वर्गणी ठेवावी थोडी, पण ठेवावी, आणि पावती तिच्या नावाने फाडावी, बापाच्या किंवा भावाच्या नव्हे.