गोळीचा वेगमापक
गोळीचा वेगमापक : बंदुकीची वा तोफेची गोळी दोन ठराविक बिंदूंमधील अंतर किती वेळात कापते, ते मोजून तिचा वेग काढण्याचे साधन (क्रोनोग्राफ). काडतुसांचा एकसारखेपणा व पल्ल्याची कोष्टके वेगावर अवलंबून असल्याने दारूगोळ्याच्या चाचणीत त्याला महत्त्व आहे.

इतिहास : बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये क्षेपण-लंबकाची पद्धत प्रसिद्ध केली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतल्यावर ठोकळा किती झुलतो, यावरून संवेग व त्यावरून वेग निघे. वेगवान गोळीला हवेचा विरोध अपेक्षेपेक्षा फार मोठा असतो, हे यामुळे उघड झाले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला व १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

लंबकाने काळ मोजला जात नसे. ती उणीव विद्युत् साधनांनी भरून काढली. बेल्जियन तोफखान्यातील अधिकारी ल बूलाँजे याच्या साधनात (१८६४ च्या सुमारास) पहिल्या पडद्याची तार तुटताच विद्युत् चुंबकाने धरलेली लांब कांडी पडू लागे. दुसरी तार तुटताच आखूड कांडी पडून चाप सोडी व सुरी लांब कांडीवर खूण करी. खुणेच्या उंचीवरून काळ मिळे; साधनाचा स्वतःचा विलंब वेगळा मोजून वजा करीत.

विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनीय गणित्र, प्रकाशविद्युत् पडदे व डॉप्लर रडार आले. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे दारूगोळ्याचे कारखाने आणि पुण्यास शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था (१९५८) स्थापन झाल्या.

निवड व मांडणी : जुन्या साधनात काळाची चूक मोठी असल्याने पडदे दूर ठेवावे लागत. आता अंतराची चूक अधिक जाचक ठरते. ताशी नव्हे, तर सेकंदाला ८०० मी. वेगाची गोळी २ मी. अंतर २·५ मिलिसेकंदात कापते. गणित्राची १ मायक्रोसेकंदाची चूक वेगात सु. ०·३ मी./से. फरक पाडते, पण अंतरातील १ सेंमी.ची चूक ४ मी./से. फरक पाडते. म्हणून पडदे पक्क्या चौकटीवर परस्परांना समांतर व गोळीच्या मार्गाला लंब बसवितात. नळीतील वायू व न जळलेले दारूचे कण पडद्याला फसवू नयेत, यासाठी पहिला पडदा तोंडापासून काही मीटर पुढे ठेवतात. कडक उन्हात प्रकाश-पडद्यांवर प्रकाश पसरविणारे छत लावतात. मिळालेला वेग पडद्यांमधील सरासरी असल्याने मुखवेगासाठी हवेच्या विरोधाने झालेली घट त्यात मिळवावी लागते.