हौशी रेडिओ : निरोप पोचवणाऱ्यांचा इतिहास



आपल्या सामुदायिक रेडिओवर एकजण बोलतो आणि सगळं गाव ऐकतं. आज मी ज्या रेडिओबद्दल सांगणार आहे, त्यात ऐकणाऱ्यालाही बोलता येतं. बोलणारा शेजारच्या गावचा असो की सातासमुद्रापलीकडचा, त्याला या कामाचा एक पैसाही मिळत नाही. म्हणून याचं नाव हौशी रेडिओ. तो चालवणाऱ्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. ही हौस संकटाच्या वेळी कशी कामी आली, ते आज ऐकू.

आधी हे असतं काय, ते समजून घेऊ. एक छोटा संच असतो. त्यातून बोलणं पाठवता येतं आणि समोरच्याचं ऐकताही येतं. त्याला वायरची एक लांब तार लागते. कपडे वाळत घालायची दोरी बांधतो तशी ती दोन झाडांना बांधली तरी काम भागतं. वीज नसली तर गाडीच्या बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर संच चालतो. मध्ये टॉवर लागत नाही, कंपनी लागत नाही, रिचार्ज लागत नाही. काही लहरी आकाशात उंचावरच्या थरांवर आदळून परत जमिनीकडे येतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचा माणूसही बोलता येतो. हातात मावणारा छोटा संच मात्र काही कोसच पोचतो. उंच टेकडीवर त्याचा आवाज उचलून पुढे पाठवणारं यंत्र बसवलं, तर त्याचाही पल्ला वाढतो.

यासाठी सरकारचा परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला की प्रत्येकाला स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. आपल्या देशातल्यांची ही नावं सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांचं नाव होतं व्हीयू टू आरजी. या रेडिओवरून धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, असे नियम आहेत. आणखी एक गंमत सांगते. रेडिओ चालवणाऱ्या बाईला हॅम मंडळी 'वायएल' म्हणतात, म्हणजे यंग लेडी, तरुण मुलगी. ती ऐंशी वर्षांची आजी असली तरी तरुण मुलगीच!

आता इतिहासाकडे वळू. आपल्या देशात हा छंद १९२१ च्या सुमारास कोलकात्यात सुरू झाला. तेव्हा संच बाजारात मिळत नव्हते. ज्याला हौस असे, तो स्वतःच जोडजाड करून यंत्र बनवी. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने सगळ्या हौशी मंडळींना संच जमा करायला लावले. घरी बनवलेल्या यंत्राला सरकार का भ्यालं असेल? कारण वर्तमानपत्रावर बंदी घालता येते, तार अडवता येते, टपाल उघडून वाचता येतं. हवेतून जाणारा आवाज अडवणं अवघड असतं.

ही भीती खरी ठरली ती १९४२ मध्ये. 'चले जाव'ची हाक दिल्यावर गांधीजींसह सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांची तोंडं बंद झाली. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या २२ वर्षांच्या मुलीने आपल्या साथीदारांबरोबर चोरून एक रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याचं नाव काँग्रेस रेडिओ. हौशी परवान्यात अशा प्रसारणाला जागा नव्हती आणि तेव्हा परवानेही रद्द झालेले होते. पण यंत्र उभारणारे हात हौशी रेडिओवाल्यांचेच होते. नरिमन प्रिंटर हे त्यातलं एक नाव. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं जाई. सुरुवातीला 'हिंदोस्ताँ हमारा' आणि शेवटी 'वंदे मातरम्' वाजे.

मैत्रिणींनो, आपल्या विदर्भाचा या रेडिओशी फार जवळचा संबंध आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा नदीच्या पलीकडच्या आष्टी गावात आणि तिकडे चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोक रस्त्यावर आले. आष्टीला पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. दोन्ही बाजूंची माणसं गेली. चिमूरला जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात फौज आली. तिने घराघरांत शिरून बायकांवर अत्याचार केले. पुरुषांना धरून नेलेलं होतं. बायकांनी सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तरी छापणार कोण? याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं, तर त्या उपोषणाची बातमी छापण्यावरही बंदी आली. अशा काळात आष्टी-चिमूरला काय झालं, ते देशाला सांगणाऱ्यांत हा चोरटा रेडिओ होता. बाईवर झालेला अन्याय दाबून टाकायची रीत जुनी आहे. तो बोलून दाखवणारा आवाजही आपल्याकडे जुना आहे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला आतल्याच तंत्रज्ञाने दिलेल्या खबरीवरून पोलीस गिरगावातल्या पारेखवाडीत घुसले. तीन महिन्यांच्या आत केंद्र बंद पडलं. उषाताईंची महिनोन्‌महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हौशी मंडळी पुन्हा एकत्र आली. १९४८ मध्ये महू इथल्या लष्कराच्या सिग्नल शाळेत त्यांची देशपातळीवरची संघटना सुरू झाली. महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव. अकोल्याहून अकोट, हिवरखेड करत मेळघाटच्या जंगलातून तिकडे जाणारी छोटी रेल्वे आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. जो छंद कालपर्यंत गुन्हा होता, तो आता रीतसर शिकता येऊ लागला. जागोजागी क्लब झाले. ठरलेल्या वेळी सगळे सदस्य आपापल्या घरून संच लावतात आणि एकजण हजेरी घेतो. याला ते 'नेट' म्हणतात. आपल्या गटाची बैठक ठरल्या वारी, ठरल्या वेळी होते, तसंच हे.

रोज बोलण्यासारखं काय असतं, असं वाटेल. बरेचदा हवापाण्याच्या गप्पाच असतात. पण त्यात सराव होतो. वेळ आली तेव्हा हा सरावच उपयोगी पडला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथल्या मदतकार्यात हौशी रेडिओवाल्यांचाही हात होता. तुम्ही म्हणाल, ढिगारे उपसायचे सोडून रेडिओचं काय? पण विचार करा. एका गावात मदतीचे दहा ट्रक पोचतात आणि पलीकडच्या गावात एकही नाही. कुठे औषध हवं, कुठे ताडपत्री हवी, कुठे पाणी हवं, हे कुणी तरी नेमकं कळवावं लागतं. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हाही हौशी मंडळी आपले संच घेऊन तिकडे गेली.

पण मला सगळ्यांत जास्त सांगावीशी वाटते ती भारती प्रसाद यांची गोष्ट. हैदराबादला हौशी रेडिओची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिचं दिल्लीतलं काम भारतीताई बघत. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला कित्येक वर्षं परवानगीच मिळत नव्हती. भारतीताईंनी ती पाठपुरावा करून मिळवली. डिसेंबर २००४ मध्ये त्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या आणि तिथल्या हॉटेलातून जगभरच्या हॅमशी बोलू लागल्या. गेल्या होत्या हौसेसाठीच.

२६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली. मागोमाग त्सुनामीच्या लाटा आल्या. फोन गेले, वीज गेली, बेटांचा देशाशी संबंध तुटला. भारतीताईंनी संच पुन्हा लावला आणि हौसेचं बोलणं थांबवून मदतीचे निरोप सुरू केले. त्यांचा एक साथीदार कार निकोबारला गेला आणि त्या बेटाचे निरोप पोर्ट ब्लेअरला येऊ लागले. अडकलेल्या माणसांची खुशाली त्या रेडिओवर सांगत. इकडे देशात बसलेले हॅम ती लिहून घेत आणि त्यांच्या घरी फोन करत. "तुमचा माणूस सुखरूप आहे," एवढंच ते वाक्य. ते ऐकायला घरातली बाई किती तास फोनशेजारी बसून असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे झालं मोठ्या संकटाचं. बंगालमध्ये गंगासागरची जत्रा भरते, तिथलं काम वेगळं आहे. लाखोंच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांचा हात सुटतो. कुणाला भाषा कळत नाही, कुणाला गावाचं पूर्ण नाव सांगता येत नाही. काहींना तर घरच्यांनीच मागे सोडलेलं असतं. पश्चिम बंगालचा रेडिओ क्लब अशा माणसांशी बसून बोलतो. बोली कुठली, नदीचं नाव काय, जवळचं स्टेशन कोणतं, असं विचारत विचारत गावाचा अंदाज बांधतो आणि देशभरच्या हॅमकडे निरोप धाडतो. त्या त्या भागातला हॅम घर शोधून काढतो. अशी कितीतरी माणसं घरी पोचली आहेत. आपल्याकडची वारी, यात्रा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या कामाचं मोल कळेल.

हे मी एका बैठकीत सांगत होते तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अवं ताई, आता घरोघरी मोबाइल आहे, हे जुनं कायले पायजे?" प्रश्न बरोबर आहे. रोजच्या कामाला मोबाइलच बरा. पण मोबाइल चालतो टॉवरवर आणि टॉवर चालतो विजेवर. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच टिकते. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचं पाणी घरांत शिरलं, ती रात्र अनेकींच्या लक्षात आहे. आणि मेळघाटात पूर लागतच नाही. तिथे कितीतरी गावांत चांगल्या दिवशीही रेंज नसते. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर रुग्णवाहिकेला फोन करायला टेकडी चढायची, हे धारणी-चिखलदऱ्याकडच्या बायांना नवीन नाही. चिखलदऱ्यासारखी उंच जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. तिच्या उंचीचा उपयोग करून घेणारी माणसं तेवढी हवीत.

ती माणसं आपणच का होऊ नये? परवान्यासाठी केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेतो. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. शिक्षणाची अट नाही. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम, एवढंच विचारतात. वरच्या दर्जाच्या परवान्याला मोर्सची 'कट्ट-कडकट्ट' लिपीही यावी लागते, पण सुरुवातीच्या परवान्याला ती लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. परवाना नसताना ऑनलाइन वॉकीटॉकी मागवून हौशी रेडिओच्या लहरींवर बोलणं हा गुन्हा आहे. आधी परीक्षा, मग परवाना, मग संच.

आणि या कामाचा निम्मा भाग आपल्याला आधीच येतो. कानगोष्टींच्या खेळात पहिलीने सांगितलं 'वरण' आणि शेवटचीला ऐकू आलं 'मरण', असं होतं ना? संकटात तसं होऊन चालत नाही. म्हणून हॅम निरोप शब्दाला शब्द लिहून घेतो, वेळ टाकतो आणि परत वाचून दाखवतो. अक्षरांचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षराला ठरलेला शब्द असतो : अल्फा, ब्राव्हो, चार्ली. एक बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, रुपयान्‌रुपया नोंदवहीत मांडायचा, एकेकीने बोलायचं, हे आपण वर्षानुवर्षं करतोय. तेलंगणात झहीराबादजवळ गावातल्या दलित बायकांनी २००८ पासून 'संघम रेडिओ' चालवून दाखवला आहे. यंत्राची भीती दोन आठवड्यांत जाते. शिस्त अंगी लागायला वर्षं जातात, आणि ती आपल्याकडे आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय मांडा. गावातली बारावी सायन्सची एखादी मुलगी आणि गटातली एखादी धीट बाई, अशा दोन नावांचा ठराव घ्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ या क्रमांकावर विचारा, की आमच्या तालुक्यात प्रशिक्षण कधी घेता? एकीने विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. पन्नास गावांनी विचारलं तर द्यावंच लागेल.

हॅम मंडळी बोलणं संपवताना एक आकडा सांगतात, ७३. त्याचा अर्थ, मनापासून शुभेच्छा. तर मैत्रिणींनो, तुम्हा सगळ्यांना नमस्कार, आणि ७३!