मारिएनबाद : झऱ्याकाठापासून हॉटेलच्या न्हाणीघरापर्यंत

परदेशातल्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात उतरले की खोलीतल्या माहितीपत्रकात ‘स्पा’ हा शब्द हटकून आढळतो. मंद प्रकाश, सुगंधी तेल, पांढरा झगा आणि शांतता हे त्याचे आजचे रूप. ‘पाण्याद्वारे आरोग्य’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द तयार झाला, अशी व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी दिलेली असते. पण ती मागाहून रचलेली आहे. स्पा हे बेल्जियममधल्या एका गावाचे नाव. तिथल्या लोहयुक्त झऱ्यांची कीर्ती एवढी पसरली की इंग्रजीत तशा प्रत्येक गावाला स्पा म्हणू लागले. म्हणजे मुळात स्पा हे गाव होते, खोली नव्हे. या गावाची खोली कशी झाली आणि त्या स्थित्यंतरात साहित्याच्या दृष्टीने काय गमावले गेले, हे पाहण्यासाठी मारिएनबादइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मारिएनबाद, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकातले मारियान्स्के लाझ्ने, हे फार जुने गाव नव्हे. टेप्ला येथील मठाच्या मालकीच्या दलदलीच्या दरीत, मठाचा वैद्य योहान योसेफ नेर आणि मठाधिपती कार्ल रायटनबर्गर यांच्या प्रयत्नांतून ते उभे राहिले. १८१८ मध्ये त्याला सार्वजनिक आरोग्यस्थानाचा दर्जा मिळाला. इथले झरे थंड आहेत. पाण्यात कार्बन डायऑक्साईड विरघळलेला असतो आणि काही झऱ्यांतले क्षार रेचक आहेत. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत स्नान करून माणूस देवदर्शनाला जातो. इथे देवाच्या जागी डॉक्टर होता. कोणत्या झऱ्याचे पाणी किती प्यायचे हे तोच ठरवी. हे पाणी एका दमात प्यायचे नसे. तोटीच्या चिनीमातीच्या पेल्यातून घोट घोट घेत, सावकाश चालत प्यायचे, असा दंडक होता.

या चालण्यातच मारिएनबादच्या साहित्यिक इतिहासाचे मूळ आहे, असे मला वाटते. उपचार अंगाला होत असला तरी तो चारचौघांत घ्यावा लागे. एरवी एकमेकांच्या दारातही जाणार नाहीत अशी माणसे रोज सकाळी त्याच वाटेवर, तसाच पेला हाती धरून, समोरासमोर येत.

आपल्याकडे शाकुंतलाच्या संदर्भात ज्याचे नाव नेहमी घेतले जाते तो गटे १८२१ पासून तीन उन्हाळे इथे राहिला. पहिल्याच वर्षी त्याची सतरा वर्षांच्या उलरिके फॉन लेव्हेट्सोवशी ओळख झाली. १८२३ मध्ये त्याने वायमारचा ग्रँड ड्यूक कार्ल आउगुस्ट याच्यामार्फत तिला मागणी घातली. तो त्र्याहत्तर वर्षांचा होता, ती एकोणीस. नकार पदरी घेऊन परतताना त्याने घोडागाडीतच एक विलापिका लिहायला घेतली. ती ‘मारिएनबाद विलापिका’ म्हणून जर्मन काव्यात अजरामर झाली. उलरिके पंचाण्णव वर्षे जगली आणि अविवाहित राहिली. शरीर सुधारण्यासाठी आलेला कवी मनाची जखम घेऊन गेला आणि साहित्याला मिळाली ती जखमच.

१९११ मध्ये यिडिश लेखक शोलेम अलाइखेम याने ‘मारिएनबाद’ नावाची कादंबरी लिहिली. पत्रे आणि तारा यांतूनच ती उलगडते. तिच्यातले वॉर्साचे व्यापारी, त्यांच्या बायका, संशय आणि चहाड्या पाहिल्या की या गावात कोण कोण एकत्र येत होते ते ध्यानात येते. १९१६ च्या जुलैत, महायुद्ध चालू असताना, काफ्का फेलिस बाउअरसोबत इथे राहिला. मोडलेला वाङ्निश्चय पुन्हा जुळण्याची चिन्हे दिसू लागली ती याच मुक्कामात. ती परतल्यावर काफ्काने मॅक्स ब्रोडला सविस्तर पत्र लिहिले. विषय होता बेल्झचा धर्मगुरू. संध्याकाळच्या फेरफटक्याला निघालेला रब्बी, भोवती अनुयायांचा घोळका आणि झऱ्याचे पाणी आणण्याची त्यांची लगबग, हे सारे काफ्का मागोमाग चालत टिपत होता. हे त्याला दिसले, कारण रस्ता सर्वांचा होता.

अर्थात ही समता मर्यादित होती. येण्याजोगा पैसा नसलेल्याला या वाटेवर स्थान नव्हते. तरीही तिचे मोल कमी लेखता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतले बोर्कुम बेट ज्यूंना तिथे थारा नाही याची जाहिरात करत होते. मारिएनबादेत मात्र १८८४ पासून सिनेगॉग होते.

गावाची खोली होण्याची चाहूल १८९६ मध्ये लागली. त्या वर्षी पूर्ण झालेल्या भव्य नव्या स्नानगृहात इंग्लंडच्या सातव्या एडवर्डसाठी सजवलेले स्वतंत्र न्हाणीघर राखले गेले. राजा झाल्यावर १९०३ ते १९०९ या काळात तो दर उन्हाळ्यात येई. वजन घटवण्याबरोबर राजकारणही चाले. १९०८ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो त्याला इथेच भेटला. मृत्यूही या गावाला वर्ज्य नव्हता. ब्रिटिश पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन यांच्या पत्नीचे १९०६ मध्ये इथेच निधन झाले.

बंद खोली सुरक्षित असते, हा समजही याच गावाने खोटा ठरवला. नाझी सत्तेवर येताच हॅनोव्हरचा ज्यू तत्त्वज्ञ थिओडोर लेसिंग आश्रयासाठी मारिएनबादला आला. ३० ऑगस्ट १९३३ रोजी अभ्यासिकेच्या खिडकीतून त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. १९३८ च्या ऑक्टोबरात हा प्रदेश जर्मनीने गिळंकृत केला आणि नोव्हेंबरात सिनेगॉग जाळले गेले. युद्धानंतर सूडाची पाळी उलटली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या जर्मनभाषकांना हाकलण्यात आले. स्नानगृहे सरकारजमा होऊन कामगारांसाठी खुली झाली आणि १९८९ नंतर पुन्हा खाजगी हाती गेली.

१८९६ चे ते स्नानगृह आज हॉटेल आहे. राजाचे न्हाणीघरही जपलेले आहे. हॉटेलातला स्पा आज विकतो ते हेच एडवर्डचे सुख : तासाभरासाठी प्रत्येक पाहुणा राजा होतो, एकटा आणि कुणाच्याही नजरेआड. दमल्याभागल्या प्रवाशाने ते घेण्यात गैर काहीच नाही. परंतु तिथे त्याला कुणी उलरिके भेटणार नाही की कुणी रब्बी दिसणार नाही. अलँ रेने यांच्या १९६१ च्या ‘लास्ट इयर ॲट मारिएनबाद’ या चित्रपटाचे चित्रीकरण या गावात नव्हे, तर बव्हेरियातल्या प्रासादांत झाले. त्यातली पात्रे आपण पूर्वी इथे भेटलो होतो की नाही, यावरच अडून बसतात. गावच पडद्यावर नसताना भेटीची स्मृती संशयास्पद व्हावी, हे सूचक आहे.

२०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अकरा आरोग्यस्थानांना एकत्रितपणे जागतिक वारसा घोषित केले. मारिएनबाद त्यांपैकी एक आहे. या यादीत नोंद आहे ती गावांची. झरे, स्तंभपंक्ती, बागा आणि फिरण्याच्या वाटा धरून. १८८९ च्या बिडाच्या स्तंभपंक्तीखाली तोटीचा पेला घेऊन चालणारी माणसे अजूनही दिसतात. हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाने पांढरा झगा उतरवून सकाळी तिकडे जावे. पाणी बेचव लागेल, पण सोबतीला अनोळखी माणसे असतील.